आजीचा फोटो काचेला चिकटलाय? आधी हे वाचा

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय म्हणताय, तर आधी एकच विनंती: तो ओढून काढू नका. ओलाव्याने जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. माझ्या काकांच्या फोटोचं तसंच झालं, ते अजून सलतं. काचेसकटच स्कॅन करा.

स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), फोटो पासपोर्टएवढा असेल तर १२००ला. कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच, १६ बिट (रंगछटांचे बारीक टप्पे टिकतात), टिफमध्ये (तपशील न गमावणारी फाइल). कारण रंगीत स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा, म्हणजे रंगथरांचा, बनतो; पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये बरेचदा जवळजवळ नाहीसे होतात. त्या लाल चॅनेलपासून सुरुवात केली की पुष्कळ मेहनत वाचते.

आता फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती. मूळ लेयरला (चित्राच्या थराला) हात लावू नका, वर रिकामा लेयर घ्या. ओरखडे हीलिंग ब्रशने जातात, तो आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग झाकतो. पण लुगड्याचा काठ किंवा पगडीची कड आली की क्लोन स्टॅम्पच (शेजारचा भाग जसाच्या तसा उचलून ठेवणारं साधन), नाहीतर कड फिसकटते.

चेहऱ्यापाशी मात्र थांबा. एआयचं बटण दाबलं की डोळे लखलखीत होतात, पण ते आजीचे नसतात. कपाळावरचं गोंदण, देवीचे व्रण डाग समजून पुसू नका. घरातल्या थोरांना विचारा, त्यांना ते आठवतं. फोटोत खराब झालेला डोळा तिच्या त्याच वयाच्या दुसऱ्या फोटोतून आणा. तसा फोटो नसेल, तर तेवढा भाग पुसट राहू द्या.