भाड्याच्या घरात बाळाचं प्लेयार्ड भिंतीला स्क्रूने लावलं, मालक म्हणतात डिपॉझिट जप्त

मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. लिफ्ट नसलेली चार मजली जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्टर केलेलं २४ महिन्यांचं ॲग्रीमेंट, त्यातले नऊ महिने झालेत. भाडं ३२ हजार, डिपॉझिट दीड लाख. मुलगा अकरा महिन्यांचा, रांगतो आणि आता कशालाही धरून उभा राहतो. किचनला दार नाही, म्हणून त्यांनी एकेक पॅनल जोडत जायचं ते प्लेयार्ड, म्हणजे बाळासाठीचं कुंपण, आणलं. आधी नुसतंच उभं केलं होतं तर बाळ त्याला धरून उभं राहायचं आणि अख्खं कुंपण टाइल्सवरून ढकलत गॅसच्या ओट्यापर्यंत न्यायचं. शेवटी दोन्ही टोकं सोबत आलेल्या किटने भिंतीला लावली, एकेका बाजूला चार स्क्रू. ड्रिल मारताना एका जागी तळहाताएवढं प्लॅस्टर निघालं. मालक घर बघायला आले, त्यांनी ते पाहिलं आणि रात्री व्हॉट्सॲप केला की ॲग्रीमेंट मोडलंय, डिपॉझिट जप्त, पंधरा दिवसांत घर खाली करा, नाहीतर नासधूस केल्याची पोलीस कंप्लेंट करतो. ताई म्हणतात लावायच्या आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा मालक "बघा काय ते, घर खराब करू नका" एवढंच म्हणाले होते. उरलेला गेटचा भाग त्यांनी दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी लावलाय, समोरच्यांची हरकत नाही. सासूबाई म्हणतात सगळं काढून टाका, कशाला वाद.

ताई, घरातलं प्लेयार्ड घाबरून काढू नका. दीड लाख असे कुणाला गिळता येत नाहीत. पण तुमची बाजू सगळीकडून भक्कम आहे असंही मी सांगणार नाही, एका ठिकाणी ती खरंच कच्ची आहे आणि ती जागा भिंत नाहीये.

तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये एक कलम असणारच, जवळजवळ सगळ्यांच्यात असतं, की मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेच्या बांधकामात किंवा आतल्या-बाहेरच्या रचनेत बदल किंवा भर घालायची नाही. मालक त्यावरच बोट ठेवतायत. आता आठ स्क्रू म्हणजे बांधकामात भर का, तर माझ्या मते नाही, पडद्याचा रॉड लावतो, टीव्हीचा स्टँड लावतो, देव्हारा टांगतो त्याच जातीचं हे काम आहे, स्क्रू काढले की वस्तू आपल्यासोबत जाते आणि मागे फक्त भोकं राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम १६ आहे, त्यात भाडेकरूने लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम उभारलं तर मालक ताबा मागू शकतो असं म्हटलंय, पण त्याच्याच खालच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं असली कामं, जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असतील तर, कायमस्वरूपी बांधकाम धरायची नाहीत असं लिहिलंय. जिथे पार्टिशनसुद्धा चालतं तिथे प्लेयार्ड काय चीज आहे.

पण हे कलम भाडेकरूसाठी आहे आणि तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, तुम्ही लायसन्सी आहात, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी मिळालेल्या. बोलताना आपण सगळे "भाड्याने राहतो" म्हणतो आणि इथेच लोक फसतात. पागडीतल्या आजोबांना जे संरक्षण आहे ते अकरा किंवा चोवीस महिन्यांच्या ॲग्रीमेंटवाल्याला नाही. तुमचं नातं चालतं त्या कागदावर. त्यामुळे कलम १६ चा तुम्हाला उपयोग एवढाच की कायदा "कायमस्वरूपी" शब्दाकडे कसा बघतो हे दाखवता येतं, त्याची ढाल करता येत नाही.

आता ती कच्ची जागा. ॲग्रीमेंट काढा आणि नोटीसचं कलम वाचा. तुम्ही लिहिलंय की लॉक-इन, म्हणजे ॲग्रीमेंट मधेच संपवता येत नाही तो काळ, सहा महिन्यांचा होता आणि त्यानंतर कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन ॲग्रीमेंट संपवू शकतं. म्हणजे मालकांना तुम्हाला काढायचंच असेल तर त्यांना प्लेयार्डची, स्क्रूची, कशाचीच गरज नाही, एक महिन्याची रीतसर नोटीस दिली की झालं, कारण विचारायची सोय नाही. पंधरा दिवसांचा व्हॉट्सॲप मात्र ती नोटीस नव्हे. तो एक महिन्याचा नाही आणि बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये नोटीस लेखी, पत्त्यावर, अशी पद्धत ठरवलेली असते तीही बघा. म्हणून मी तुम्हाला भांडा असं सांगत नाहीये. बाळ अकरा महिन्यांचं असताना घर बदलणं काय असतं ते मला माहितीय, ट्रक, पेंटर, नवीन पेडिएट्रिशियन, सगळंच आलं. मालकांशी बोलणं टिकवलंत तर तुमचे राहिलेले पंधरा महिने वाचतात.

डिपॉझिटचं मात्र मी ठामपणे सांगते. ॲग्रीमेंटमध्ये "उल्लंघन झाल्यास डिपॉझिट जप्त" असं ठळक अक्षरात लिहिलेलं असलं तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा, आपोआप खिशात घालायचा आकडा नव्हे. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हेच धरलंय, की जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते दाखवावं लागतं. तुमच्याकडचं नुकसान म्हणजे आठ भोकं आणि तळहाताएवढं प्लॅस्टर. ते मोजता येतं, रंगारी येऊन दहा मिनिटांत मोजून देईल. अख्ख्या हॉलला रंग द्यायला लावला तर तेही लगेच मान्य करू नका, कारण दोन वर्षं राहिल्यावर रंग जो जुना होतो तो नेहमीच्या वापराची झीज आहे आणि तीसुद्धा ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा वगळलेली असते. माझ्याकडे अशीच एक केस आली होती, कुत्र्यासाठी पॅसेजमध्ये गेट लावलं होतं आणि मालकाने पूर्ण घराच्या पेंटिंगचं बिल डिपॉझिटमधून कापलं, शेवटी घर घेताना काढलेले फोटो कामी आले, त्यात भिंतीवर आधीपासूनच ओल दिसत होती. तुमच्याकडे घर घेतानाचे फोटो असतील तर आज शोधून ठेवा. नसतील तर निदान आत्ताची भिंत नीट उजेडात काढा, शेजारी पट्टी धरून, म्हणजे प्लॅस्टर केवढं पडलंय ते कळेल आणि उद्या ते कुणी परातीएवढं करणार नाही.

पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेत नासधुशीचं कलम आहे, ३२४, पण त्याला दुसऱ्याचं नुकसान करायचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. बाळाला गॅसपासून लांब ठेवायला सुताराकडून स्क्रू मारून घेणं आणि जाणूनबुजून भिंत फोडणं यातला फरक पोलीस स्टेशनमध्येही कळतो. डिपॉझिटचा वाद पोलीस सोडवत नाहीत, तो दिवाणी विषय आहे. उलट मालकांनी तुम्ही बाहेर असताना कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, लाइट तोडली तर मात्र तुम्ही त्याच क्षणी लेखी तक्रार द्यायची आणि वकील गाठायचा.

तो फोन. तुमचा सगळा भर "ते हो म्हणाले होते" यावर आहे आणि माफ करा, पण "बघा काय ते" म्हणजे हो नव्हे, आणि हो असतं तरी कलमात "लेखी" लिहिलंय. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये तर लेखी लायसन्स ॲग्रीमेंट हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानायचा असं सांगितलंय, म्हणजे त्या कलमाखाली ताब्याचा अर्ज झाला की तोंडी बोलणं मधे आणायला फार वाव उरत नाही. म्हणून आता जे काही ठरेल ते लिहून. व्हॉट्सॲप चालेल, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो पुराव्यात देता येतो, फक्त चॅट डिलीट करू नका आणि फोन बदललात तर बॅकअप घ्या.

आज त्यांना साधारण असा मेसेज टाका, शब्द तुमचे वापरा: "काका, नमस्कार. बाळ रांगायला लागल्यामुळे किचनच्या बाजूला सुरक्षेसाठी काढता येण्यासारखं प्लेयार्ड आठ स्क्रूने लावलंय. लावण्याआधी फोनवर बोललो होतो, पण लेखी परवानगी घ्यायला हवी होती ती राहिली, त्याबद्दल दिलगीर आहे. पडलेलं प्लॅस्टर या रविवारी आमच्या खर्चाने दुरुस्त करून फोटो पाठवते. घर सोडताना सगळे स्क्रू काढून, भोकं पुट्टीने बुजवून, तेवढा भाग रंगवून देऊ. बाळाचं वय बघता तोपर्यंत प्लेयार्ड राहू द्यावं ही विनंती, आपला होकार इथेच कळवा." यात "आम्ही ॲग्रीमेंट मोडलं" असं कुठेही लिहायचं नाही आणि डिपॉझिटचा विषयही आपण काढायचा नाही. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर हाच मजकूर पत्र म्हणून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. आणि दुरुस्ती खरंच रविवारीच करा, रंगाऱ्याच्या बिलासकट. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर ते बिल माझ्या दहा पानांपेक्षा जास्त बोलेल.

दुरुस्तीला माणूस येईलच तर त्याच्याकडून स्क्रूही तपासून घ्या, कारण तुमच्या वर्णनावरून मला ते लावणंच ठीक वाटत नाहीये. या किटमधले स्क्रू बऱ्याचदा परदेशी घरांच्या लाकडी चौकटीच्या भिंतींसाठी असतात. आपली भिंत विटेची, वर प्लॅस्टर, आणि जुन्या बिल्डिंगचं प्लॅस्टर पोकळ झालेलं असलं की स्क्रू नुसत्या प्लॅस्टरमध्ये राहतो आणि बाळ लोंबकळलं की गिट्टीसकट (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात तो प्लग) बाहेर येतो. बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजतंय का. गिट्टी विटेत जायला हवी. आणि एका बाजूचे स्क्रू स्विचबोर्डच्या बरोबर खाली आहेत असं तुम्ही लिहिलंय, तिथून वायरचा पाइप खाली उतरत असू शकतो, तेव्हा इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय तिथे पुन्हा ड्रिल लावू देऊ नका. हे मी वकील म्हणूनही सांगतेय. लावणं तुमचं आहे, म्हणून त्यातून काही झालं तर मालकावर ढकलता येणार नाही, आणि विक्रेत्यावर दावा करायचा तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ खाली तो पहिली सबब हीच सांगेल की वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात बदल केला. बिल, माहितीपत्रक, खोका फेकू नका. पॅनलमध्येच दोष निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पुढे घर सोडायची वेळ येईल तेव्हाचं एक आत्ताच डोक्यात ठेवा, कारण याच चुकीमुळे चांगली बाजू असलेली माणसं अडकलेली मी पाहिलीत. डिपॉझिट देत नाहीत म्हणून चावी द्यायची नाही, असं करू नका. लायसन्सची मुदत संपूनही ताबा दिला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि तिथे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, म्हणजे तुमच्याबाबतीत महिन्याला ६४ हजार. दीड लाख सोडवायला बसाल आणि अडीच महिन्यांत तेवढेच देणं होईल. मोकळ्या घराचा व्हिडिओ काढायचा, चावी दिल्याची लेखी पोच घ्यायची, आणि मग डिपॉझिटसाठी नोटीस, दावा, जे काय ते. त्याला तीन वर्षांची मुदत असते, घाई नाही.

राहिलं जिन्याचं गेट. इथे मी मालकांच्या आणि सासूबाईंच्या बाजूने आहे, ते आजच काढा. जिना आणि पॅसेज सोसायटीची सामाईक जागा, तिथे समोरच्यांनी हरकत घेतली नाही म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही, ती द्यायचा अधिकार त्यांचा नाहीच. मालकांच्या हातात जर काही खरं कारण असेल तर ते हे एकच आहे, उद्या सेक्रेटरीची नोटीस त्यांच्या नावाने येईल, तुमच्या नाही. त्याहून मोठं म्हणजे लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तो जिना एवढीच बाहेर पडायची वाट आहे. रात्री धूर झाला आणि वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा अंधारात उतरताना त्या खिट्टीशी अडले तर काय, याचा विचार करा. आगीच्या वेळची वाट मोकळी ठेवणं हे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याचं अगदी मूळ सूत्र आहे.

बाळ जिन्यात जाऊ नये ही तुमची काळजी रास्तच आहे, त्यासाठी तुमच्या सेफ्टी डोअरला वरच्या बाजूला बाळाचा हात पोचणार नाही अशी कडी बसवा आणि खालच्या गजांना आतून जाळी लावून घ्या. हवाही येईल, दार तुमच्या उंबरठ्याच्या आतच राहील. कडी बसवायच्या आधी तेवढं एक वाक्य मालकांना पाठवायच्या त्या मेसेजमध्ये घाला.