थंडीसाठी पहिलं ऊद-व्हॅनिला अत्तर घेताना

बाटली नंतर घ्या, आधी छोटं सॅम्पल मागवा. दुकानातल्या कागदी पट्टीवर विसंबू नका. मनगटावर एकच फवारा मारा, बाहेर चक्कर मारून या आणि चार तासांनी पुन्हा हुंगा. ऊद आणि व्हॅनिला दोन्ही सावकाश उडणारे वास, त्यामुळे त्यांचं खरं रूप उशिरा कळतं. थंडीत तर आणखी उशिरा.

ऊद म्हणजे आपला अगरूच. अ‍ॅक्विलेरिया जातीच्या झाडाला बुरशीची लागण झाली की खोडात काळपट राळ साठते, हा सुगंध तिचा. आसामचा अगरू पूर्वीपासून नावाजलेला. काही अस्सल तेलांना गोठ्यासारखा, चामड्यासारखा दर्प असतो. नवख्याला तो झेपत नाही. व्हॅनिला नेमकी तीच धार बोथट करते, म्हणून सुरुवात या जोडीपासून करा, असं मी आग्रहाने सांगतो.

टॉम फोर्ड या ब्रँडचं ऊद वूड (2007) सौम्य, वेलदोडा-चंदनाकडे झुकणारं. अत्तरकार फ्रान्सिस कुर्कजियाँचं ऊद सॅटिन मूड मात्र गुलाब आणि व्हॅनिलाने गच्च भरलेलं. माझा जीव त्यातच अडकलाय, पण बंद ऑफिसात ते नको.

त्वचा कोरडी असेल तर वास लवकर विरतो. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. मफलरवर मारलेला फवारा दुसऱ्या दिवशीही दरवळतो, फक्त पांढरे कपडे जपा. व्हॅनिलाचं अत्तर काळानुसार तपकिरी होतं. बाटली गडद दिसली म्हणून फेकू नका.