नंबर हुकला आणि पोरगा गप्प झाला

प्रश्न : ताई, आम्ही यावलकडचे, केळीची शेती आहे. मुलगा पाचवीत, स्कॉलरशिपला नंबर लागला नाही तेव्हापासून नीट जेवत नाही, वही उघडली की डोळे भरतात, आणि त्याचे पप्पा म्हणतात मुलासारखा मुलगा अन् रडतो काय. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्याला रडू द्या. मुलगा असला म्हणून काय झालं, वाईट वाटलं तर रडू येणारच, ते थांबवलं की पोरगं पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि ते जास्त वाईट. "तुला नंबर हवा होता ना" एवढंच म्हणा आणि जवळ बसा, लगेच शेजारच्या पोराचे मार्क काढू नका.

हवाई बेटांमधल्या कवाईवर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यात गरिबी, घरातली भांडणं असं सगळं सोसूनही बरीच मुलं चांगली उभी राहिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जीव लावणारं निदान एक मोठं माणूस होतं, आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. तुमच्याकडे ते पप्पाच होऊ शकतात, खरंच सांगते. संध्याकाळी मळ्यात पाणी द्यायला जाताना त्याला सोबत न्या म्हणावं, वादळात केळी आडवी झाली तेव्हा मलाही रडू आलं होतं, मग पुन्हा लागवड कशी केली, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

वही आठवडाभर राहू द्या, मग एकच चुकलेलं गणित दोघं मिळून सोडवा. आणि दोन आठवड्यांनीही जेवण-झोप बिघडलेलीच असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.