पहिलीच नोकरी आयसीयूत? आधी हॉस्पिटलला चार प्रश्न विचारा

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. घरी भातशेती, मालक चोर्ला घाटातून गोव्याला माल नेणाऱ्या गाडीवर. थोरली लेक यंदा बीएस्सी नर्सिंग झाली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात पडलं. तिला दोन ठिकाणाहून बोलावणं आहे. एक बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात थेट आयसीयूला, दुसरं घराजवळच्या तीस खाटांच्या नर्सिंग होमात, घरून येऊन-जाऊन. लेक म्हणते आयसीयूच. मिरजेला सिस्टर म्हणून रिटायर झालेली तिची मावशी म्हणते, "आधी दोन वर्षं वॉर्ड कर, मग आयसीयूचं नाव काढ." आणि पत्राच्या शेवटी आई विचारते, "मॅडम, पोर तेवीस वर्षांची आहे. तिच्या हातून काही झालं तर?"

ताई, शेवटच्या ओळीतला प्रश्न हाच तुमचा खरा प्रश्न आहे. बाकीचं आपण वाटेत बघू.

मावशींचं म्हणणं उडवून लावू नका. वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर पंधरा-वीस पेशंट असतात. त्यातला कोण मघाशी बोलत होता नि आता गप्प झालाय, हे जाता-येता ओळखायची नजर तिथे तयार होते. पण वीस वर्षं वॉर्ड केला म्हणून व्हेंटिलेटर हाताला येत नाही. आयसीयूत एक किंवा दोन पेशंट, आणि त्यांचं दर तासाला सगळं: बीपी, लघवी किती झाली, पंपावर कुठलं औषध किती वेगाने चाललंय, नळीतून कफ काढला का, डोक्याकडची बाजू तीस अंशाच्या वर आहे का, कूस बदलली का. दोन्ही कामं वेगळी आहेत. एक दुसऱ्याची पहिली पायरी आहे असं मला वाटत नाही. मावशींच्या काळात नवी मुलगी कुणाच्या तरी हाताखाली शिकायची, ते शिकणं वॉर्डात व्हायचं, म्हणून तो नियम पडला. नियमातला वॉर्ड बाजूला ठेवला तरी चालेल. ते "कुणाच्या तरी हाताखाली" मात्र सोडून चालणार नाही.

मी समुपदेशनाला बसायच्या आधी नऊ वर्षं आयसीयूत सिस्टर होते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही पास झाल्या झाल्या तिथेच टाकलं होतं. नवव्या दिवशी रात्रपाळीला दोन पेशंट एकटीच्या ताब्यात. त्यातल्या एकाचं बीपी नॉरॲड्रेनालिनवर धरलेलं होतं. सिरिंज पंपात पन्नास मिलीची सिरिंज, तासाला थोडं थोडं औषध जातंय. पहाटे चारला पंप ओरडायला लागला, सिरिंज संपत आली म्हणून. मी औषध आणायला कपाटाकडे गेले, अँप्यूल फोडल्या, लेबल लिहिलं, सिरिंज भरली. तेवढ्यात पंप रिकामा. त्या औषधाचा असर एक-दोन मिनिटांत उतरतो. मॉनिटरवर वरचं बीपी १०८ होतं ते ६२ वर आलं आणि माझे हात असे थरथरायला लागले की सिरिंज पंपात बसेना. पलीकडच्या बेडवरची सिस्टर धावत आली, तिने जोडून दिलं, पेशंट सावरला. मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दुसरी सिरिंज पहिली संपायच्या अर्धा तास आधी भरून उशाशी ठेवायची, तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात औषधाचा डोस होता, ही गोष्ट नव्हती. चूक माझी होतीच, पण नऊ दिवसांच्या मुलीला एकटी उभी करणाऱ्या त्या हॉस्पिटलचीही होती, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून लेक धीट आहे का, हुशार आहे का, हे चाचपत बसू नका. हॉस्पिटलला विचारा. इंटरव्ह्यूला तिनेच विचारायचं, सरळ आवाजात: पहिले किती आठवडे मी सीनियरबरोबर जोडीने काम करणार, आणि तेवढे दिवस मला आकड्यात, म्हणजे पाळीतल्या नर्सांच्या संख्येत, धरणार नाही ना? "आकड्यात धरणं" हा शब्द तिथल्या इन्चार्जना बरोबर कळतो. नवी मुलगी शिकायला आहे की रिकामी जागा भरायला, ते याच्या उत्तरात दिसतं. सहा आठवडे म्हणाले तर ठीक, तीन महिने म्हणाले तर डोळे झाकून जा. "बघू, शिकशील हळूहळू" असं म्हणाले तर हॉस्पिटलची इमारत कितीही काचेची असो, परत या. पुढे विचारायचं की रात्री आयसीयूत डॉक्टर हजर असतो की फोनवर, आणि एका नर्सकडे किती पेशंट. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला प्रत्येक पाळीत एक नर्स असावी असा दंडक आहे. प्रत्यक्षात दोन पेशंट सगळीकडेच देतात. तीन-चार देत असतील तर नव्या मुलीने तिथे पहिली नोकरी करू नये. अनुभवी सिस्टरचीही तिथे दमछाक होते.

शक्य असेल तर जॉइन व्हायच्या आधी पाळी बदलायच्या वेळेला तिला तिथे अर्धा तास उभं राहू द्या म्हणून विनंती करा. जाणारी सिस्टर येणारीला बेडपाशी उभी राहून, प्रत्येक नळीला हात लावून पेशंट ताब्यात देते का, की लांबून वही सरकवून पळते? त्या अर्ध्या तासात जे दिसेल ते माहितीपत्रकात सापडणार नाही.

दोन गोष्टी कागदाच्या. मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही हॉस्पिटलात ठेवायला द्यायची नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची. बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही करायच्या आधी तो घरी आणून वाचायचा. पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ साली शिफारस केली होती की २०० खाटांच्या वरच्या खासगी हॉस्पिटलात नर्सला सरकारी नर्सइतका पगार हवा, आणि ५० खाटांच्या आतल्या ठिकाणीही निदान वीस हजार. ही शिफारस आहे, तेवढे पैसे हातात येतीलच असं समजू नका. पण बोलणी करताना आकडा डोक्यात असलेला बरा.

आता आपल्या भागाचं. बेळगावच्या आयसीयूत एका बेडवर गोकाकचा, शेजारी चंदगडचा, पलीकडे गोव्याकडचा पेशंट असतो. लेक मराठी शाळेत शिकलेली असेल तर तिचं कन्नड बसमधल्या बोलण्यापुरतं असणार. ते वाढवायला लागेल. "उसिराडाक आगवल्दु" म्हणजे श्वास घेता येईना, हे म्हातारा पुटपुटला तर दुभाषा शोधायला वेळ नसतो. (राज्य सरकारच्या भरतीलाही कन्नड लागतंच, तो फायदा वेगळा.) तुमच्याकडे भाताच्या दिवसांत मण्यार चावलेली माणसं येतात, तुम्हाला माहीतच आहे. त्या विषाने पापण्यासुद्धा उचलता येत नाहीत, श्वासही यंत्रावर. बाहेरून माणूस बेशुद्ध वाटतो, पण बऱ्याचदा त्याला सगळं ऐकू येत असतं. कफ काढायच्या आधी त्याच्या कानाशी त्याच्या भाषेत "आता थोडा ठसका लागेल हं काका" म्हणणारी सिस्टर आणि न बोलता नळी घालणारी सिस्टर यातला फरक त्याला कळतो. हे काम कुठलंही मशीन करत नाही. तुमच्या लेकीला ते पहिल्या दिवसापासून येईल.

पुढच्या वाटांचं थोडक्यात. एम्सच्या नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा बीएस्सीवाल्यांना अनुभवाशिवाय देता येते. पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना) लागतो, तेव्हा त्या भीतीने नोकरी निवडू नका. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे, त्याला मात्र आधी एक वर्ष काम केलेलं लागतं. कोल्हापूर किंवा गोव्यात नोकरी घ्यायची झाली तर कर्नाटकचं रजिस्ट्रेशन तिकडच्या कौन्सिलकडे नेण्याची खटपट आधी करायची. आखाताचं दोन वर्षांनी बोलू.

त्या तीस खाटांच्या नर्सिंग होमबद्दल मी काही बोलले नाही, मुद्दामच. घरापासून जवळ आहे हा त्याचा एकच गुण तुम्ही पत्रात लिहिलाय. तिथे शिकवणारं कुणी असेल तर तेही वाईट नाही. पण अशा ठिकाणी बहुतेक वेळा रात्री एकच सिस्टर असते, आणि ती तुमची लेक असेल. आयसीयू नको म्हणून तिला तिथे ठेवलंत तर जी भीती टाळायला बघताय तीच पुढ्यात येईल.

आणि तुमचा प्रश्न. हातून काही झालं तर? होईल, ताई. छोटं का असेना, होईल. तेव्हा लपवायचं नाही, त्याच मिनिटाला मोठ्याने सांगायचं, हे तिच्या मनावर आत्ताच ठसवा. घरी फोन करून रडली तर "सोडून दे" म्हणायची घाई करू नका, आणि "सहन कर" असंही नको. आधी तिला सगळं बोलू द्या. तीन-चार महिन्यांनंतरही ड्यूटीच्या आदल्या रात्री झोप लागत नसेल, पोटात गोळा येत असेल, तर इन्चार्जशी बोलून वॉर्डात बदली मागायची. चांगल्या चांगल्या सिस्टर तशा आल्या-गेल्यात.

तुमच्याकडून एक गोष्ट हवी. रात्रपाळी करून ती सुट्टीला गावाला आली की तिला झोपू द्यायचं. पाहुणे आलेत, बारसं आहे, जरा चहा ठेव, असलं काही नाही. दार लोटून घ्यायचं.

मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे नक्की एखादी जुनी खिशातली डायरी असेल, औषधांची, हिशेबांची, कोपरे दुमडलेली. लेकीला ती बघायला मागा.