अतिवृष्टीत पीक गेलेल्या वर्षाच्या शेवटी नाताळच्या उपासनेत उपकारस्तुती कशी करावी?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठी आपली शेती आहे, सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन तर गेलेच, शिवाय जमीनही खरडून गेली, आणि अशा वर्षाच्या शेवटी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत उपकारस्तुतीची साक्ष द्यावी, म्हणजे चर्चमध्ये मंडळीसमोर (जमलेल्या ख्रिस्ती समाजासमोर) उभे राहून देवाच्या उपकारांचा अनुभव सांगावा, असे चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) आपल्याला सांगितले आहे. काय बोलावे, किती बोलावे, आणि मनातून उपकार वाटत नसतील तर बोलावे तरी का, हा आपला प्रश्न आहे. त्यातच घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने "गावात दुसऱ्यांची जनावरे वाहून गेली, आपली वाचली, एवढे सांग आणि खाली बस" असा सल्ला दिल्याचे आपण लिहिले आहे.

या शेवटच्या सल्ल्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो आहे. तो सल्ला मुळीच मानू नका. शेजाऱ्याचे अधिक नुकसान झाले म्हणून आपण देवाचे उपकार मानायचे, ही रीत आपल्याकडे फार रुळली आहे आणि माझ्या मते ती वाईट आहे. ज्यांची जनावरे वाहून गेली, त्यांच्यापैकी कोणी त्या रात्री मंडळीत बसलेले असले तर त्यांनी आपली साक्ष कोणत्या तोंडाने ऐकावी?

आमच्या घरात हा प्रसंग प्रत्यक्ष घडला आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. आम्ही जालना जिल्ह्यातले. ख्रिस्ती मिशनरी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात, हैदराबाद संस्थानाचे दिवाण सालारजंग यांच्या काळी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, तेथे माझे पणजोबा शेती करीत. पुढे आजोबांनी बदनापूर तालुक्यात जमीन घेतली आणि वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तिच्यात मोसंबी लावली. मोसंबी फळावर यायला चार-पाच वर्षे जातात आणि नीट राखली तर पुढे पंधरा-वीस वर्षे ती घर चालवते, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बहिणीचे लग्न, माझे शिक्षण, घराचा स्लॅब हे सारे त्या बागेने केले.

२०११ चा पाऊस बेताचा झाला आणि २०१२ चा त्याहूनही कमी झाला. जालना शहराची तहान निजामाच्या काळापासून ज्या घाणेवाडीच्या तलावाने भागवली तोही आटला, मग आमच्या विहिरीची काय कथा? सगळ्या बागेला पाणी पुरणार नाही हे दिसल्यावर अप्पांनी मुरमाड अंगाच्या ओळी सोडून द्यायच्या आणि खालच्या बाजूच्या राखायच्या असे ठरवले. सोडलेल्या ओळी आधी शेंड्याकडून वाळल्या, मग पाने गळाली, आणि सुपारीएवढी फळे काळी पडून फांदीलाच राहिली. अप्पा दर आठवड्याला एकेका खोडाची साल नखाने खरवडून पाहत. आत हिरवे दिसले तर पुढे जात आणि तपकिरी दिसले तर खोडाला चुन्याची रेघ ओढत. डिसेंबरात यंत्राची करवत आली तेव्हा रेघा ओढलेली झाडे तोडली गेली आणि सरपणाच्या भावाने गेली. कापलेल्या लाकडाला मोसंबीच्या पानासारखाच वास येत होता, आणि आई त्या दिवशी शेतात आली नाही.

राखलेल्या ओळी जगल्या त्या आमच्या पाण्यावर जगल्या नाहीत. आमच्या बांधाला बांध असलेल्या काकांच्या बोअरला त्या उन्हाळ्यात पाणी टिकून होते. आमची विहीर उपसली की ते एक रात्र स्वतःच्या बागेला आणि एक रात्र आमच्या बागेला पाणी देत. त्याचा त्यांनी एक रुपया घेतला नाही. पुढे दिवाळीनंतर तो बोअर आटला आणि पाहता पाहता काकांची सगळी बाग वाळली. आमची निम्मी राहिली, त्यांचे एक झाड उरले नाही. आम्हाला दिलेले पाणी त्यांनी आपल्याच झाडांना घातले असते तर काय झाले असते, हा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही, परंतु अप्पांनी तो मनात मांडलेला होता.

काका ख्रिस्ती नव्हेत. तरीही नाताळाला ते आमच्याकडे जेवायला येत आणि वर्षअखेरच्या रात्री अप्पांबरोबर चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसत, हा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. ३१ डिसेंबर २०१२ च्या रात्रीही ते आले होते. साक्षींची वेळ झाली तेव्हा माझे दाजी उठले. दाजी शहरात नोकरीला असल्यामुळे पाण्याचा हा व्यवहार त्यांना ठाऊक नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांनी सांगितले की, आजूबाजूच्या लोकांच्या बागा समूळ गेल्या, अगदी सासऱ्यांच्या शेजाऱ्याचे एक झाड राहिले नाही, परंतु देवाने आपल्या लेकरांना वेगळे राखले आणि निम्मी बाग वाचवली. काहींनी "आमेन" म्हटले. काका मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर अप्पा उठले. त्यांना बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला. तेथे संदेष्टा आनंदाचा शब्द काढण्याआधी अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाडा आणि गोठा असे काय काय रिते झाले ते एकेक नाव घेऊन सांगतो. मग अप्पांनीही तसेच सांगितले. कोणत्या अंगाच्या ओळी गेल्या, त्या कोणत्या साली लावल्या होत्या, कोणत्या बहारावर मुलीचे लग्न झाले, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. ते सावरल्यावर त्यांनी माणसांची नावे घेतली. रात्री-अपरात्री टँकर घेऊन येणारा आणि पैशासाठी महिनाभर थांबणारा चालक, भांडी विसळलेले पाणी बादलीत साठवून दारातल्या दोन झाडांना घालणारी आमची आई, आणि शेवटी काका. "माझी जी बाग उभी आहे ती या माणसाच्या पाण्यावर उभी आहे, आणि ते पाणी देवाने मला त्याच्या हाताने दिले," असे म्हणून ते खाली बसले.

बाहेर चहाच्या वेळी काका एवढेच म्हणाले, "जमिनीतलं पाणी हाय ते, माझं काय त्यात?" पहिल्या तारखेला सकाळी अप्पांनी करंज्या आणि चिवड्याचे डबे भरून घेतले आणि नावे घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी ते स्वतः गेले. पुढे २०१३ ला पाऊस झाल्यावर काकांनी पुन्हा रोपे लावली तेव्हा खड्डे घेण्यापासून आम्ही त्यांच्या शेतात होतो.

दाजींचे आणि आमचे त्या रात्री जेवताना जे वाजले ते आजही पूर्ण मिटलेले नाही. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे होते. देवाच्या घरात माणसांचे आभार मानणे चुकीचे. उपकारस्तुतीच्या वेळी नुकसानीचे रडगाणे गाणे म्हणजे अविश्वास. आणि नाताळ हा आनंदाचा सण असल्यामुळे त्यात दुःखाला जागा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांचेही आक्षेप याच वळणाचे असणार, म्हणून त्यांची उत्तरे येथे देतो.

पहिल्या आक्षेपाला अप्पांनीच उत्तर दिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदार (लोक पापी समजत असा कर गोळा करणारा) मंदिरात जातात. तेथे देवाचे आभार मानणारा परूशी आहे, आणि तो आभार मानतो ते आपण इतर लोकांसारखे नाही म्हणून, शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवून. नीतिमान ठरून घरी जातो तो मात्र जकातदार. उपकारस्तुतीत शेजाऱ्याशी तुलना करावी की शेजाऱ्याचे नाव आदराने घ्यावे, याचा निकाल येशूने स्वतः लावून ठेवलेला असताना आपण वेगळा निकाल लावू नये. दाजींना त्यावर उत्तर सुचले नाही, आणि आजवर त्यांनी ते दिलेले नाही.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल मला असे वाटते की बायबलमधली स्तोत्रसंहिता ज्याने नीट वाचली आहे तो असे म्हणणार नाही. उपकार विसरू नको असे जिवाला बजावणारे १०३ वे स्तोत्र ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात ८८ वे स्तोत्रही आहे, आणि ते अंधारातच संपते. शेवटी स्तुतीची एक ओळ जोडून ते गोड केलेले नाही. मंडळीने ते शतकानुशतके उपासनेत वाचले आहे.

तिसरा आक्षेप तर पंचांग न पाहता घेतलेला आहे. नाताळ एका दिवसात संपत नाही. २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनीपर्यंत) तो चालतो, म्हणून जुने वर्ष त्याच्या मध्यात संपते. त्याच काळात २८ डिसेंबरला हेरोद राजाने बेथलेहेमात मारलेल्या निरपराध बालकांचे स्मरण केले जाते, आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तेथे आपल्या लेकरांसाठी रडणारी, सांत्वन करून न घेणारी राहेल उभी केली आहे. २०२५ साली २८ तारखेला रविवार आहे. जन्माच्या सणानंतर तीनच दिवसांनी मंडळी रडणाऱ्या आईची आठवण काढत असेल, तर खरडून गेलेल्या शेताची आठवण काढायला आपल्याला कोणाची परवानगी नको.

आता आपल्या साक्षीबद्दल. जे गेले ते आधी सांगा, आणि ढोबळ सांगू नका. "नुकसान झाले" असे म्हणून पुढे जाऊ नका. पाणी किती चढले, उभ्या पिकाच्या शेंगांना कसे कोंब फुटले, कोणत्या तुकड्यावरची काळी माती जाऊन खाली दगड उघडे पडले, हे आपल्या मंडळीला ऐकू द्या. त्यानंतर माणसांची नावे घ्या. पुराच्या रात्री कोणी दार वाजवून उठवले, कोणी म्हातारीला खांद्यावर घेतले, कोणाच्या ओसरीवर आपण झोपलात, कोणी चारा आणून टाकला. आपल्याकडे बचावाला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पथके आली, हेलिकॉप्टरही आले. त्या जवानांची नावे आपल्याला माहीत नसतील, तरी त्यांचाही उल्लेख करा. मनातून उपकार वाटत नाहीत असे आपण लिहिले आहे, परंतु या नावांची आठवण काढताना काय वाटते ते आधी एकटे बसून पाहा. मला विचाराल तर तेवढेच बोलावे. जे वाटत नाही ते केवळ रीत म्हणून बोलू नये.

सरकारी मदतीचे उपकार मात्र साक्षीत मानू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातले आपल्या वाट्याचे पैसे खात्यावर जमा झाले असोत वा नसोत, आपत्तीत मिळणारी मदत हा शेतकऱ्याचा हक्क आहे. हक्काची उपकारस्तुती करण्याची सवय लागली की तो मागण्याची सवय मोडते. पंचनाम्यासाठी चिखल तुडवत आलेला एखादा तलाठी मनापासून वागला असेल तर त्याचे नाव जरूर घ्या. ते त्या माणसाचे आभार झाले.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या, त्या येथे जोडतो. ज्याने गुपचूप मदत केली आणि तिची वाच्यता नको असे सांगितले, त्याचे नाव चर्चमध्ये घेऊ नका. त्याच्या घरी जाऊन भेटा. कोणी किती पैसे दिले तो आकडाही सांगू नका, कारण ज्याला कमी देता आले तोही तेथेच बसलेला असतो. अप्पांची साक्ष लांबली ती लांबू दिली गेली, कारण ते वयाने मोठे होते. आपण पाच मिनिटांच्या आत आटोपावे. आणि या वर्षात आपल्या घरातले कोणी दगावले असेल, आपण ते लिहिले नसले तरी, तर वर लिहिलेले बहुतेक बाजूला ठेवा. अशा वर्षी साक्ष देणे हे कर्तव्य नव्हे, आणि पाळकांना तसे सरळ सांगितले तर ते समजून घेतील.

साक्षीनंतर कोणते गीत घ्यावे असेही आपण विचारले आहे. ते गाणाऱ्या मंडळींवर सोडा. आणि ३१ च्या रात्री उभे राहण्याची हिंमत झाली नाही, तर ४ जानेवारी २०२६ ला रविवार आहे आणि तेव्हाही नाताळाचा काळ चालूच असतो. पाळकांना आधी विचारून त्या सकाळच्या उपासनेत बोला, आणि ज्यांची नावे घेणार आहात त्यांना, ते आपल्या मंडळीतले नसले तरी, आदल्या दिवशी घरी जाऊन निमंत्रण देऊन या.