नववीतली मुलगी प्रमेयं पाठ करते, तिला हाताने करून भूमिती कशी शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पक्ष, साध्य, सिद्धता धडाधड म्हणून दाखवते पण आकृतीतली अक्षरं बदलली की अडते. मी परळला शाळेत गणित शिकवते, दरवर्षी अशी मुलं वर्गात असतात आणि ती कच्ची नसतात हो, त्यांनी त्रिकोण कधी हातात धरलेलाच नसतो.

आजच करून बघा. कागदाचा कसाही वेडावाकडा त्रिकोण कापायला सांगा, तिन्ही कोपरे आधी स्केचपेनने रंगवा (नाहीतर फाडल्यावर कोपरा कुठला आणि फाटलेली कड कुठली तेच कळत नाही), काय होईल ते तिला आधी विचारा, मग कोपरे फाडून टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा, वरचा कोपरा मधे. सरळ रेष होते, म्हणजे 180 अंश. बरेच जण इथेच थांबतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण चार त्रिकोणांचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल हे कशावरून? लगेच वहीत त्रिकोण काढून वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायला लावा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन, ते समान असतात) म्हणून वर येऊन बसतात, मधे तिसरा, म्हणजे तिने आत्ता टेबलावर जुळवलं तेच चित्र! ती रेषा का काढायची हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं, काड्यापेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची जुनी आयडिया. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौरस बोटाने ढकलला की समभुज चौकोन होतो, बाजू त्याच पण कोन बदलले. बाबाबा कसोटी (तिन्ही बाजू समान तर त्रिकोण एकरूप) त्रिकोणालाच का चालते ते इथे दिसतं. कर्णाच्या जागी पाचवी काडी लावली की चौकोनही घट्ट. गणपतीचा मांडव बांधताना तिरका बांबू का मारतात ते तिलाच विचारा.

सावलीवरून खांबाची उंची काढणंही छान, दहावीच्या समरूपतेला उपयोगी पडेल, फक्त मेच्या मध्यावर भर दुपारी नको, मुंबईत तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावलीच पडत नाही.

आणि हो, परीक्षेत सिद्धता लिहावीच लागते, त्यामुळे जे हाताने केलं त्याची सिद्धता त्याच दिवशी पुस्तक बंद करून तिच्याकडून लिहून घ्या, अक्षरं मात्र तुम्ही द्या, दरवेळी वेगळी.