जिममध्ये सगळ्यांसाठी असलेला तक्ता फुकट मिळत असताना पर्सनल ट्रेनरचे वेगळे पैसे भरणं खरंच गरजेचं आहे का?

हो, गरजेचं आहे. निदान पहिले तीन महिने तरी. फुकटच्या तक्त्यापायी मी पाच महिने घरातला जिना कठडा धरून उलटी उतरले आहे, म्हणून लिहिते.

मी साताऱ्यात शाळेत शिकवते. सेहेचाळिसाव्या वर्षी इथली हिल हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलं. २१ किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं आणि मग तोच घाट उतरून खाली. ग्रुपवर सोळा आठवड्यांचा तक्ता आला. मंगळवारी चढाचे फेरे, गुरुवारी वेगात, रविवारी लाँग रन. पोलीस भरतीची तयारी करणारा तेवीस वर्षांचा पोरगा आणि मी, दोघांना तोच. अकराव्या आठवड्यात घाट उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी अशी दुखायला लागली की रस्त्याकडेलाच बसले. मिस्टर गाडी घेऊन आले.

पुढे ज्या कोच बाईंकडे गेले त्यांनी पहिल्या दिवशी पळायला लावलंच नाही. पायरीवर एका पायावर उभं केलं, दुसरा पाय हळूहळू खाली टेकवायला सांगितला आणि स्वतः समोर उकिडव्या बसून बघत राहिल्या. उजवा गुडघा दर वेळी आत वळत होता. खुब्याचे स्नायू कमजोर. चढताना ते निभावून जातं, पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, आणि त्यात गुडघा आत वळला की भार वाटीवर येतो. मग त्यांनी बूट उलटे करून तळवे पाहिले. शाळेत किती तास उभी असते, झोप किती, पाळीत अंगावरून किती जातं, सगळं विचारलं. रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. दम लागतो तो वयामुळे, असं मी वर्षभर धरून चालले होते. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात येतं?

तक्त्यातल्या नाडीच्या ठोक्यांचंही तेच. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, यासाठी २२० वजा वय केलं की माझे १७४ येतात. बरी झाल्यावर चढावर मोजले तर १८५. ते सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात.

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो, ‘आम्ही कराडला तालमीत घाम गाळला, आम्हाला कुठं होता कोच?’ दादा, मग वस्ताद कोण होते? तुझा खांदा निखळला तेव्हा जोर बंद करून नुसत्या बैठका कुणी मारायला लावल्या? शेजारच्या बारक्याचा खुराक वाढवला आणि तुझं तूप तोडलं, ते कुणी? १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या आपल्याच गोळेश्वरचे. त्यांनाही आधी वडिलांनीच कुस्तीत घडवलं. पोराला रोज डोळ्यांनी बघणारं माणूस होतं. तालमीत त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते, म्हणून ते नव्हतंच असं म्हणायचं का? पुढच्या वर्षी मी ती शर्यत २ तास ४८ मिनिटांत पूर्ण केली, उतारावर एकदाही न थांबता. दादा म्हणाला, सवयीनं होतं. सवयीनं गुडघा सरळ होत नाही. आरशासमोर, पायरीवर, रोज वीस वेळा, पाच महिने केलं तेव्हा झाला.

पैशांचं म्हणाल तर कायमचा ट्रेनर लागत नाही. मी तीन महिने आठवड्यातून दोनदा गेले, नंतर महिन्यातून एकदा. तुमचं वय किती, काही दुखणं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तब्येत ठणठणीत असेल आणि रोज अर्धा तास चालायचंच असेल तर एक रुपयाही घालवू नका. आणि जो ट्रेनर पहिल्याच दिवशी काही न विचारता, न बघता हातात वजन देतो त्यालाही नको. गुडघा सुजलेला असेल तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, जिमचं नंतर बघा.